कोपऱ्यावरची तार

बुधवारी सकाळी ॲग्नेस व्राबेलने बिडाच्या तव्यात कालची हलुश्की परतायला टाकली. कोबी आणि शेवया कडेने करपून तांबूस झाल्या की तिला आवडायच्या. शेजारी कॉफी खदखदत होती. नदीवरच्या कुठल्या पुलावर गाड्या तुंबल्यात, ते रेडिओवरचा माणूस नेहमीच्या उत्साहात सांगत होता. खाली तळघरात तिने सोल्डरिंग आयर्नचं बटण आधीच दाबून ठेवलं होतं. खाऊन होईतो ते नीट तापतं. रेडिओचे सुटे भाग जोडण्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला थंड आयर्नसमोर वाट बघत बसणं जमत नाही.

तिच्या छोट्या ट्रामच्या वाटेवर सोल्डरचे चार डाग द्यायचे राहिले होते. मग वरची तार पुरी होणार होती, आणि शनिवारी तिचा कोपरा प्रदर्शनाच्या हॉलमध्ये लागणार होता.

तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली. बोटांनी टकटक नव्हे. मुठीच्या कडेने, तीनदा, काच थरथरेल अशी. ॲग्नेसच्या हातातलं उलथनं जागीच थांबलं. या घराचं दार असं एकच माणूस ठोकायचा, आणि त्याला पुरून सोळा वर्षं झाली होती.

“उघड, ॲगी. मी आहे.”

धाकटा भाऊ होता. एमिल. पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून दाढी दोन-दोन दिवस तशीच, आणि अंगावर कारखान्यातलंच जाड जाकीट. आत आला तो बूट न पुसता. बगलेतलं वर्तमानपत्र त्याने टेबलावर आपटलं. आठवड्याला निघणारं चार पानी गावपत्र. तिसऱ्या पानावर ॲग्नेसचा फोटो, समोर तिची खेळण्यातली वाटावी अशी ट्राम, आणि वर ठळक अक्षरं: बाबांच्या आठवणीत लेकीने उभी केली ट्रामलाइन.

“वाचलंस?” एमिलने विचारलं.

“वाचलं. बस. खाशील?”

“खाशील! चर्चच्या पायरीवर म्हातारी पेत्रिस्को माझा हात धरून सांगते, तुझ्या बहिणीने बापाचं नाव काढलं हो. माझा हात धरून, ॲगी! ज्या हाताची दोन बोटं त्याने मोडली, तोच हात धरून.”

“मी तसं म्हटलं नव्हतं. त्या पोराने विचारलं, वडील ट्राम चालवायचे का? मी हो म्हटलं. पुढचं त्याने रचलं.”

“मग नाही म्हणायचं होतंस.”

“ट्राम चालवत नव्हता म्हणू?”

“बाप नव्हता म्हणायचं होतंस!”

ॲग्नेसने गॅस बंद केला. खरं तर पेपर सोमवारीच आला होता आणि मथळा वाचून तिने तो उपडा घालून ठेवला होता. एमिलला फोन करावा म्हणून तिने दोनदा रिसीव्हर उचलला आणि दोनदा ठेवला. अवघड गोष्ट उद्यावर टाकायची तिची खोड जुनीच. एरवी ती चालून जायची.

एमिलने जाकिटाच्या खिशातून काहीतरी जड काढलं आणि तिच्या बशीशेजारी ठेवलं. पितळी हँडल. वीतभर लांब, एका टोकाला लाकडी मूठ, दुसरं टोक चौकोनी भोकाचं. हे हँडल बसवल्याशिवाय ट्राम हलत नाही. पाळी संपली की चालक ते काढून घरी नेतो, म्हणजे दुसऱ्या कुणी गाडी पळवू नये. त्यांच्या घरी ते दारामागच्या खिळ्याला टांगलेलं असायचं. बाप दारात शिरला की पोरं त्याच्या तोंडाकडे बघत नसत, त्याच्या हाताकडे बघत. हँडल खिळ्याला गेलं, तर जेवण. हातातच राहिलं, तर टेबलाखाली.

“हे तुझ्याकडे होतं?” ॲग्नेसने विचारलं.

“शवपेटीत त्याच्या हातात दिलं होतं त्याच्या दोस्तांनी. मानाने. मी काढून घेतलं. म्हटलं, हे घेऊन जायचं नाही तिकडे.” तो उठला. “चल, दाखव. तळघरातल्या तुझ्या त्या मंदिरात मूर्ती नाही ना अजून? ही घे मूर्ती.”

“एमिल, खाली जायचं नाही.”

“का? देव कोपेल?”

ती तळघराच्या दारासमोर उभी राहिली. डावा हात चौकटीला लावायचा म्हटला तर तो छातीच्या वर जातच नव्हता, चव्वेचाळीस वर्षं झाली, गेला नव्हता. म्हणून तिने उजवा लावला. एमिलने तो हात असा झटकला, जसा कुणी वाटेतला पडदा सारतो. ॲग्नेसचं डोकं चौकटीवर आपटलं. त्याची पावलं धडधड खाली उतरली.

त्या डाव्या हातामुळेच तर तिचा खालचा फळा इतका हलका झाला होता. फायर स्टेशनच्या माडीवर भरणाऱ्या, छोट्या ट्राम बांधणाऱ्यांच्या मंडळात ॲग्नेस सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा गेली, तेव्हा तिथे अकरा पुरुष होते आणि प्रत्येकाचा फळा जाड प्लायवूडचा, दोघांनी उचलावा असा. प्रत्येकाने आपला तुकडा बांधायचा, प्रदर्शनाला सगळे तुकडे टोकाला टोक जोडायचे, आणि त्या गोल वाटेवर छोट्या ट्राम फिरवायच्या. मंडळाचा नियम एकच, पण कडक. गाडीला वीज वरच्या तारेतून मिळाली पाहिजे, छतावरच्या दांड्यातून, खऱ्यासारखी. रुळातून चोरून वीज घ्यायची आणि दांडा नुसता शोभेला ठेवायचा, असल्या लोकांना ते आपल्यात घेत नसत.

ॲग्नेसला असं काही हवं होतं, जे ती एकटी, एका हाताने, तळघरातून वर आणि वरून मोटारीत नेऊ शकेल. तिने थर्माकोलचा जाड गुलाबी तक्ता घेतला, त्याला पातळ पट्ट्यांची चौकट चिकटवली, खाली घडीचे पाय लावले. चार फूट बाय दोन फूट, आणि वजन मोठ्या कलिंगडाएवढं. सेक्रेटरी वॉल्ट डोंब्रोस्कीने तो एका हातावर तोलून बघितला होता.

“ॲगी, हा केकचा खोका तर नाही ना? मेणबत्त्या कुठे लावायच्या?”

“तुझ्या फळ्याला कुबड्या लागतात त्या आधी लाव,” ती म्हणाली होती, आणि अकरा माणसं हसली होती.

पण पहिल्या वर्षी तो खोका फसला. थर्माकोलमध्ये तिने पितळी नळ्यांचे खांब रोवले, घर तापवणाऱ्या भट्टीशेजारच्या उबेत बसून तार ताणून बांधली आणि जानेवारीतल्या थंडीत फळा बाहेर काढला. गारठ्याने तार आखडली. मऊ तक्त्याने खांब सोडले. हॉलमध्ये झाकण काढलं, तर सगळे खांब दारूड्यांसारखे आतल्या बाजूला कललेले. वळणावर तर फारच वाईट, कारण वळणावर तार वाकवत नाहीत. तिचे लहान सरळ तुकडे पाडायचे आणि प्रत्येक सांध्याला आडव्या तारेने बाहेर ओढून धरायचं. म्हणजे सगळा ओढा एकाच बाजूच्या खांबांवर. वॉल्ट तेव्हा हसला नाही. म्हणाला, “उबेत तार ओढायची नसते, पोरी. आम्ही सगळ्यांनी एकेकदा केलंय हे.” तिने सगळं उपटलं. प्रत्येक खांबाखाली लाकडाची खुंटी तक्त्यातून आरपार नेऊन चौकटीच्या पट्टीत बसवली, आणि तार बांधली ती दार उघडं टाकून, हातमोजे घालून.

या वर्षी जुना कोपरा सांभाळणारा माणूस फ्लोरिडाला गेला. कोपऱ्याशिवाय वाट गोल होत नाही. मंडळाने तो ॲग्नेसकडे दिला होता, आणि तिने तोही तसाच हलका बांधला होता. शनिवारी तिचा तुकडा पोचला नाही, तर कुणाचीच गाडी फिरणार नव्हती.

ती खाली पोचली तेव्हा एमिल दिव्याखाली उभा होता. फळ्यावर टेकडीचा कोपरा होता: चार बोटं रुंद रस्ता, औषधाचं दुकान, तीन मजली विटांची घरं, आणि वळणावर वीतभर लांब ट्राम. छतावरचा दांडा तारेला टेकलेला, आणि रात्री चाचणीला सोडलेली वीज तारेत तशीच. त्याने ती गाडी नीट पाहिलीच नाही. तो रस्ता बघत होता.

“इथे आणून बसवलंस त्याला,” तो म्हणाला. “आपल्या घरात.”

आणि त्याने हँडल मारलं.

पहिला घाव औषधाच्या दुकानावर बसला. दुसऱ्याने दोन खांब मुळापासून वाकले आणि तार तुटली. तुटलेली तार रुळावर पडली, चर्र झालं, निळी ठिणगी उडाली. तिसरा घाव रस्त्यात रुतला, गुलाबी चुरा उडाला. ॲग्नेसने मागून त्याची कॉलर पकडली. त्याने न बघता कोपर मागे हाणलं आणि तिच्या फासळ्यांत हवा राहिली नाही. ती बाकावर कोसळली. बाकावर आयर्न होतं. तापलेलं. तिने ते उचललं आणि चौथ्यांदा वर गेलेल्या मनगटावर टेकवलं.

एमिल जनावरासारखा ओरडला. हँडल फरशीवर पडून घणघणलं. मांस जळल्याचा वास सुटला. पुढच्याच क्षणी त्याच्या उलट्या हाताची चपराक तिच्या तोंडावर बसली आणि ती कोळशाच्या जुन्या पेटीवर जाऊन आदळली, उजव्या हातावर. ओठ फुटला. एमिलचा हात पुन्हा वर गेला.

“मार,” ॲग्नेस बसल्या जागी म्हणाली. रक्त गिळून म्हणाली. “पण मारण्याआधी गाडीचा नंबर वाच.”

“काय?”

“गाडीचा नंबर, गाढवा! पुढे लिहिलाय. वाच.”

एमिल धापा टाकत वाकला. गाडी आडवी पडली होती, दांडा तिरपा झाला होता, पण पाटी शाबूत होती. “बावीस,” तो म्हणाला.

“बाप कुठल्या लाइनवर होता?”

एमिलने पाटीवरून बोट फिरवलं.

“कुठल्या लाइनवर होता, एमिल?”

“अठ्ठेचाळीस.” त्याचा हात खाली आला. “नदीपलीकडची.”

“तीस वर्षं अठ्ठेचाळीस. एक दिवस बावीसवर नव्हता. म्हणूनच तर आई बावीस धरायची. अठ्ठेचाळीसचे चालक त्याचे दोस्त, त्यांनी त्याला जाऊन सांगितलं असतं, तुझी बायको पोरं घेऊन फिरतेय म्हणून. तुला काय वाटायचं, आपण कुठे जायचो?”

“मावशीकडे.”

“कसली मावशी! आपण शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचो. तिथे दांडा फिरवायचे आणि तीच गाडी परत यायची. पुन्हा जायचो. त्याला झोप लागेपर्यंत. तू सीटवर झोपायचास, म्हणून तुला मावशी आठवते. हार्लन नावाचा चालक होता. आईकडून एका फेरीचंच तिकीट घ्यायचा. कधी काही विचारलं नाही त्याने. फक्त हीटरजवळची सीट ठेवायचा.”

एमिल जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. मनगट पोटाशी धरून. मनगटावर आयर्नच्या टोकाएवढा पांढरा डाग उठला होता आणि भोवतीची कातडी लाल होत चालली होती.

“हा कोपरा वळला की आपलं घर दिसेनासं व्हायचं,” ॲग्नेस म्हणाली. “इथवर आई मागे बघत असायची. वळण गेलं की पुढे बघायची. मी हाच कोपरा केलाय. दुसरा कुठला नाही.”

तिने फुटलेला ओठ बाहीने पुसला. जे कधी सांगितलं नव्हतं, ते आता तोंडाशी आलं होतं, आणि उद्यावर टाकायला आता जागा नव्हती.

“माझा खांदा कसा मोडला?”

“पायऱ्यांवरून पडलीस. मला गोवर होता.”

“तुला गोवर होता, एवढं खरं. तुला पेत्रिस्कोबाईंकडे ठेवलं होतं. मी बारा वर्षांची. पगाराचा दिवस. तो दुपारपासून पीत होता. त्याला कुणीतरी सांगितलं असणार. दिवे लागायच्या वेळेला, आई आणि मी बसलो होतो ती गाडी या वळणावर हळू झाली आणि तो औषधाच्या दुकानाच्या आडोशातून निघाला. गाडीत नाही चढला. मागे धावला. गाडीच्या मागे दांड्याची दोरी असते ना, ती धरून त्याने दांडा तारेवरून खाली ओढला.”

एमिलने वर बघितलं. चालकाच्या पोराला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

“सगळं एकदम बंद. दिवे गेले, गाडी जागच्या जागी मेली. बायका किंचाळायला लागल्या. त्याला सगळं माहीत होतं गाडीचं. अंधारात मागच्या दाराने आला आणि आईला केसांनी धरून ओढत निघाला. तिचं डोकं प्रत्येक सीटवर आपटत होतं. धाड, धाड, धाड. मी तिच्या कंबरेला मिठी मारली होती, सोडत नव्हते. मग त्याने हे काढलं.” तिने पायाने हँडल ढकललं. “दोनदा मारलं. पहिल्यांदा आवाज झाला. दुसऱ्यांदा मला आवाज आला नाही.”

एमिलने पायाशी आलेल्या हँडलपासून पाय मागे घेतला.

“हार्लन पुढून आला. रुळांचे सांधे बदलायची लोखंडी कांब असते ना त्यांच्याकडे, ती घेऊन. एक शब्द बोलला नाही. बाबांच्या नडगीवर हाणली. हाड वाजलं. पुन्हा हाणली. तो पडला तरी तिसऱ्यांदा हाणली. मग कॉलरने ओढून त्याला रस्त्यावर टाकला, मागे गेला, दोरी धरली आणि दांडा तारेला लावला. एकदा चुकला. दुसऱ्यांदा लागला आणि दिवे आले, एमिल. सगळे एकदम. आईचं तोंड रक्ताने भरलेलं होतं आणि दिवे लख्ख.”

“बाबा तीन आठवडे लंगडत होता,” एमिल हळू म्हणाला. “म्हणायचा, बर्फावरून घसरलो.”

“त्या वर्षी नाताळापर्यंत बर्फ नव्हता.”

ॲग्नेसने ओठ पुन्हा बाहीने पुसला. मग एमिल म्हणाला, “मला का नाही सांगितलंस? एवढी वर्षं?”

“आईने शपथ घातली होती. हार्लनची नोकरी गेली असती. नंतर आई गेली, हार्लन गेला, आणि मला सवय लागली न सांगायची.”

“आणि मी इथे येऊन...” त्याने फळ्याकडे बघितलं आणि वाक्य सोडून दिलं. “तू मला भाजलंस, ॲगी.”

“पुन्हा मारायला आलास तर पुन्हा भाजेन. दुसऱ्या मनगटाला. त्या नळाखाली धर ते, लोणी-बिणी लावू नको.”

तो उठला, कपडे धुण्याच्या टाकीवर गेला आणि पाणी सोडून दात आवळून उभा राहिला. ॲग्नेस पेटीचा आधार घेत उठली. उजवं मनगट सुजायला लागलं होतं. बोटं मिटत होती, पण मूठ आवळली की कळ कोपरापर्यंत जात होती. मोडलं नव्हतं. मोडल्याची कळ तिला ठाऊक होती.

तिने आयर्नचा प्लग काढला आणि फळ्यावर वाकली. कारखान्यात बिघडलेला माल तपासायची तेव्हा जसं बघायची, तसं बघितलं: रडणं नंतर, आधी काय काय तुटलं. दोन खांब गेले होते, दोन वाकले होते पण सरळ होण्यासारखे. खुंटी एकही हलली नव्हती. मुख्य तार तुटली होती, वळणावरच्या तीन आडव्या तारा शिल्लक होत्या. औषधाचं दुकान सपाट झालं होतं. रस्त्यातला खड्डा भरता आला असता. तिने गाडी उभी केली, दांडा बोटाने वर उचलला. स्प्रिंगने तो पुन्हा वर राहिला.

“होईल का?” नळापासून एमिलने विचारलं.

“आज, उद्या आणि परवा. बोटं चालतायत तोवर होईल. दुकान नाही होणार. जागा मोकळी ठेवेन.”

“मी येणार नाही बघायला. आत्ताच सांगतो. ती पेत्रिस्को तिथे असणार. ती विचारणार, बाबांची गाडी कुठली. मी तिचा गळा धरेन.”

“तिला मी सांगेन.”

“काय सांगशील?”

“जे तुला सांगितलं.”

एमिलने नळ बंद केला. मनगटावरून पाणी टपकत राहिलं. त्याने खाली वाकून हँडल उचललं, बहिणीकडे बघितलं, आणि ते खिशात घालू की नको अशा घोटाळ्यात तसंच हातात धरून जिन्याकडे वळला.

“एमिल.”

तो थांबला, पण वळला नाही.

“हा माझा हात शनिवारीही काही उचलणार नाही,” ॲग्नेस म्हणाली. “तू बघू नकोस. हॉलमध्ये येऊ नकोस. शनिवारी सकाळी सातला ये आणि मोटारीपर्यंत या फळ्याची एक बाजू धर.”